स्पर्धेतला लाइन डान्स : पहिल्यांदा फ्लोअरवर उतरणाऱ्यांसाठी

लाइन डान्स म्हणजे जोडीदाराशिवाय, रांगांत उभं राहून सगळ्यांनी एकाच वेळी तीच पावलं टाकत करायचा नाच. वर्गात असे चाळीस नाच पाठ झालेत, कुठलंही गाणं लागलं की पाय आपोआप चालतात, तेव्हा आता स्पर्धेत उतरायला हरकत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग पहिल्याच स्पर्धेत गुणपत्रक हातात येतं आणि कळेनासं होतं की एकही स्टेप चुकली नाही, तरी खालचा क्रमांक का आला.

कारण असं की मौजेसाठी नाचताना रांगेबरोबर राहिलात की भागतं. शेजारचा वळला की आपण वळतो, अर्धा ठेका इकडेतिकडे झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. स्पर्धेत परीक्षक प्रत्येक काउंटला, म्हणजे ठेक्याच्या प्रत्येक मोजाला, तुमच्याकडे दोन गोष्टींसाठी पाहतो : शरीराचा भार नेमका कोणत्या पायावर आहे, आणि तो ठेक्यावर तिथे पोचला का. बाकी सगळं, म्हणजे हात, हसू, पोशाख, त्याच्यावर रचलेलं असतं. म्हणून चाळीस नाच बाजूला ठेवा. स्पर्धेसाठी तीन-चारच लागतात, पण ते काउंटगणिक माहीत असावे लागतात.

१. कोणत्या स्पर्धेत, कोणत्या गटात

स्पर्धा ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या असतात. पहिलीत संस्थेने आधीच जाहीर केलेले नाच तुम्ही एकट्याने सादर करता आणि गुण तुम्हाला एकट्याला मिळतात, जरी फ्लोअरवर त्याच वेळी आणखी आठ-दहा जण नाचत असले तरी. दुसरी संघांची. तिसरी नृत्यरचनेची, जिथे नवा नाच बसवून दाखवायचा असतो. नवख्याने पहिलीपासून सुरुवात करावी. संघात तुमच्या चुका झाकल्या जातात आणि त्यामुळे त्या तशाच राहतात.

या क्षेत्रातली जुनी आणि मोठी संस्था म्हणजे अमेरिकेची युनायटेड कंट्री वेस्टर्न डान्स कौन्सिल. सगळे तिला यूसीडब्ल्यूडीसी म्हणतात. वर्षभर वेगवेगळ्या देशांत तिच्याशी संलग्न स्पर्धा होतात आणि त्यांतून पात्र ठरलेले स्पर्धक जानेवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत उतरतात. तिथल्या पायऱ्या अशा : न्यूकमर, नोव्हिस, इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड, आणि त्यापुढे वरच्या दर्जाचे गट. शिवाय वयाप्रमाणे वेगळी वर्गवारी असते. इतर संस्थांची नावं आणि पायऱ्या वेगळ्या असतात, पण रचना बरीचशी अशीच.

न्यूकमर गटात उतरायला संकोच वाटून घेऊ नका. वर्गातले लोक म्हणतात, "तुझी लेव्हल वरची आहे, नोव्हिसमध्ये उतर." ऐकू नका. वरच्या गटातून पुन्हा खाली येणं बहुतेक नियमांत अवघड असतं, काही ठिकाणी अशक्य. शिवाय दुसऱ्या नृत्यप्रकारात तुम्ही आधी स्पर्धा केली असेल, शिक्षक म्हणून काम करत असाल, तर न्यूकमर गट बंदही असू शकतो. ते नोंदणीच्या आधीच लेखी विचारून घ्या.

चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडून या पाच गोष्टी शोधा आणि वहीत उतरवा :

- तुमच्या गटाला कोणते नाच लावले आहेत आणि त्यातले किमान किती करावे लागतात
- प्रत्येक नाचाची अधिकृत स्टेप शीट (नाचाची पावलं काउंटगणिक लिहिलेला कागद) आणि अधिकृत गाणं कुठलं
- किती आवर्तनं शीटबरहुकूम नाचायची आणि त्यानंतर स्वतःचे बदल चालतात का
- बूट, टोपी, पोशाख यांचे नियम
- गट कधी बदलावा लागतो

नाचांची यादी ठरावीक काळाने बदलते. मागच्या वर्षीच्या यादीवर तीन महिने मेहनत घेऊन नंतर डोक्याला हात लावणारे दरवर्षी भेटतात.

२. स्टेप शीट : प्रत्येक अक्षर वाचा

नाच व्हिडिओवरून शिकण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. व्हिडिओत नाचणाऱ्याने स्वतःचे चार बदल घातलेले असतात, कधी चूकही असते, आणि शिकवणारा तोंड तुमच्याकडे करून उभा असेल तर डावं-उजवं उलटतं. स्पर्धेत प्रमाण एकच, अधिकृत शीट. कॉपरनॉबसारख्या संकेतस्थळावर हजारो शीट्स आहेत, पण एकाच नावाचे दोन-तीन वेगळे नाच तिथे सहज सापडतात. नाव, नृत्यरचनाकार, काउंट आणि वॉल ही चारही जुळली तरच ती तुमची शीट.

शीटच्या डोक्यावर "३२ काउंट, ४ वॉल" असं लिहिलेलं असतं. म्हणजे नाचाचं एक आवर्तन ३२ मोजांचं, आणि प्रत्येक आवर्तन वेगळ्या भिंतीकडे तोंड करून सुरू होतं. दिशा घड्याळावर सांगतात : समोरची भिंत १२ वाजता, उजवीकडची ३, मागची ६, डावीकडची ९. दोन वॉलच्या नाचात फक्त १२ आणि ६ येतात, एका वॉलच्या नाचात आवर्तन नेहमी समोरूनच सुरू होतं.

आता एक आठ काउंटांचा तुकडा जवळून पाहू :

१ – उजवा पाय उजवीकडे
२ – डावा पाय उजव्याच्या मागून क्रॉस
३ आणि ४ – उजवीकडे शॅसे : उजवा बाजूला, डावा त्याला जोडून, उजवा बाजूला
५ – डावा मागे रॉक, म्हणजे भार क्षणभर त्यावर
६ – भार परत उजव्यावर, म्हणजे रिकव्हर
७ आणि ८ – डाव्या पायाने किक-बॉल-चेंज : डावा पुढे किक, डाव्याचा चवडा उजव्याशेजारी टेकवून त्यावर भार, मग उजवा जागच्या जागी

शीट वाचताना प्रत्येक काउंटसमोर पेन्सिलने "उ" किंवा "डा" लिहा, म्हणजे त्या क्षणी भार कुठे आहे ते. वरच्या तुकड्यात हे असं येईल : उ, डा, उ-डा-उ, डा, उ, आणि सातव्या काउंटला डावा हवेत असल्याने भार अजून उजव्यावरच, मग "आणि"ला डा, आठला उ. आठवर उजव्या पायावर उभे आहात, म्हणजे पुढचा तुकडा डाव्या पायाने सुरू व्हायला हवा. शीटमध्ये तो उजव्याने सुरू होताना दिसला तर तुम्ही काहीतरी चुकीचं वाचलं आहे. संपूर्ण नाच असा एकदा लिहून काढला की पाठांतर अर्धं झालं.

३. भार : सगळे गुण इथेच जातात

याला सर्वांत जास्त वेळ द्या.

शीटमधल्या शब्दांचे दोन कुळांत भाग पाडता येतात. स्टेप, रॉक, क्रॉस, स्टॉम्प (पाय आपटून टेकवणं) : यात भार त्या पायावर जातो. टच, पॉइंट, किक, हिच (गुडघा वर उचलणं), स्कफ (टाच जमिनीला घासत पाय पुढे नेणं), स्टॉम्प-अप (आपटून लगेच उचलणं) : यात पाय जागा दाखवतो, भार दुसऱ्या पायावरच राहतो. साध्या व्हाइनचं उदाहरण घ्या. उजवा बाजूला, डावा मागे, उजवा बाजूला, चौथ्याला डावा टच. इथे चौथ्या काउंटला डाव्यावर नकळत उभे राहिलात तर पुढचा तुकडा डाव्याने सुरू करण्यासाठी आधी भार उजव्यावर आणावा लागतो. ती घाईची अर्धी उडी तुम्हाला जाणवत नाही, परीक्षकाला मात्र लांबून दिसते, कारण डोकं वर-खाली होतं.

किक-बॉल-चेंजमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात येते. मधल्या "आणि"ला डावा चवडा जमिनीला नुसता लागतो, त्यावर भार जातच नाही. मग आठला उजवा पाय उचलताच येत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. उजवी टाच फक्त हलते आणि स्टेप झाली असं वाटतं. उपाय सोपा आहे : "आणि"च्या क्षणी उजवा पाय जमिनीपासून बोटभर वर आला पाहिजे. आधी हे इतकं सावकाश करा की एका किक-बॉल-चेंजला चार सेकंद लागतील.

कोस्टर स्टेपमध्ये मागे, जोडून, पुढे असे तीन भार आहेत. पहिली दोन पावलं चवड्यांवर पडतात. टाच टेकवून मागे बसलात की तिसऱ्या पावलाला उशीर होतो. सेलर स्टेपमध्ये (मागून क्रॉस, बाजूला, बाजूला) पाय मागून क्रॉस जातो तेव्हा खांदे त्याच्याबरोबर फिरू देऊ नका. खांदे समोरच राहतात, हालचाल कमरेखाली असते.

तपासणीची एक पद्धत खात्रीची आहे. कुणाला तरी गाणं मध्येच, न सांगता थांबवायला सांगा. थांबलं की तिथेच गोठा आणि मोकळा पाय उचला. शरीर कलतं न करता पाय उचलला गेला तर भार योग्य जागी होता. आधी वजन सरकवावं लागलं तर त्या काउंटला तुम्ही दोन्ही पायांवर होतात. रोज दहा वेळा करा, दोन आठवड्यांत फरक कळतो.

दुसरी गळती वळणांची. चार वॉलच्या नाचात प्रत्येक आवर्तनाला पाव वळण असेल आणि तुम्ही ९० ऐवजी ८० अंशच वळत असाल, तर चार आवर्तनांनंतर समोरच्या भिंतीऐवजी ४० अंश तिरकं तोंड करून उभे असाल. रांगेत लोक नकळत शेजाऱ्याला पाहून हे दुरुस्त करतात. म्हणून एकट्याने, जमिनीवर चिकटपट्टीचा अधिक चिन्हासारखा आकार करून त्यावर सराव करा. वळण संपताना भाराच्या पायाचा अंगठा पट्टीला समांतर हवा. पिव्होट अर्ध्या वळणातही तेच : उजवा पुढे टाकून डावीकडे वळताना भार शेवटी पूर्णपणे डाव्यावर यायला हवा. निम्मा मागेच राहिला तर पुढची शफल (दोन काउंटांतली तीन झटपट पावलं) फरफटत निघते.

४. नाचाचा प्रकार ओळखा

पावलं तीच, पण ती चालवायची कशी हे नाचाच्या प्रकारावर ठरतं. याला मोशन म्हणतात. पावलं बरोबर आणि मोशन चुकीचं, ही नवख्यांची नेहमीची गत.

वॉल्ट्झ : तीन मात्रांचा ठेका, शीटमध्ये १-२-३, ४-५-६ असं लिहिलेलं. यात शरीर चढतं-उतरतं, म्हणजे राइज अँड फॉल. पहिल्या काउंटच्या अखेरीस चढायला सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्याला वर, तिसऱ्याच्या अखेरीस खाली. पुढचं पहिलं पाऊल टाचेने टाकायचं. नवखे पहिल्या काउंटलाच टुणकन वर जातात, मग दोन आणि तीनला करायला काही उरत नाही. चढउतार घोटा आणि गुडघ्यातून येतो, खांदे उचलून येत नाही.

चा-चा : इथे क्यूबन मोशन लागतं. ते कमरेतून निघतं असा समज आहे आणि त्यापायी लोक कंबर डावी-उजवीकडे फेकत राहतात. खरं म्हणजे एका गुडघ्याचं वाकणं आणि दुसऱ्याचं सरळ होणं यातून नितंब आपोआप बसतो. भार पूर्ण गेला नाही तर नितंब बसणारच नाही, म्हणजे पुन्हा भाराचाच प्रश्न. पावलं लहान ठेवा, जमिनीला धरून, चवड्याने टाकून मग तळवा. शीट "१-२, ३ आणि ४" अशी लिहिली आहे की "२-३, ४ आणि १" अशी, ते नीट पाहा. पहिल्या प्रकारात रॉक एकवर पडतो, दुसऱ्यात दोनवर. गाणं तेच असलं तरी नाच वेगळा होतो.

ईस्ट कोस्ट स्विंग आणि पोल्का हे लिल्टचे नाच : उसळी हवी, पण ती गुडघ्यातून आणि खालच्या दिशेने. डोक्याची पातळी उड्या मारल्यासारखी बदलू लागली की चुकतंय. स्विंगमध्ये ट्रिपल स्टेपचा (दोन काउंटांत तीन पावलं) "आणि" बरोबर मधोमध नसतो, तो पुढच्या काउंटला लगटून, उशिरा येतो. तो मधोमध टाकला की नाच कवायतीसारखा दिसतो.

नाइटक्लब टू-स्टेप : संथ. १ला लांब बाजूचं पाऊल, २ आणि "आणि"ला मागे रॉक आणि रिकव्हर. लांब पाऊल पूर्ण काउंटभर चालू राहिलं पाहिजे. पाय लगेच पोचवून उरलेला वेळ वाट पाहत उभे राहणं ही इथली चूक. संथ नाच सोपा वाटतो म्हणून तो शेवटी सरावाला घेतात. उलट करा, संथ नाचात लपायला जागा नसते.

नॉव्हेल्टी आणि फंकी प्रकारांत व्यक्तिमत्त्वाला जास्त वाव आहे. ते आवडतील, पण पहिल्या वर्षी त्यांच्यात रमू नका.

५. गाणं मोजायला शिका

पंधरा सेकंदांतले ठेके मोजून चारने गुणले की गाण्याचा वेग मिळतो. १२० ठेके असतील तर ३२ काउंटचं आवर्तन १६ सेकंदांत संपतं. स्पर्धेत गाणं सहसा पूर्ण वाजत नाही, कापलेलं असतं. समजा ते दोन मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला १६ काउंट सोडायचे आहेत. म्हणजे एकूण २४० ठेके, त्यातले १६ गेले, उरले २२४, म्हणजे बरोबर सात आवर्तनं. नाचात दर आवर्तनाला डावीकडे पाव वळण असेल, तर सातवं ६ वाजताच्या भिंतीकडे तोंड करून सुरू होईल आणि तुम्ही ३ वाजताच्या भिंतीकडे संपाल. परीक्षक १२ वाजता बसलेले असतात. शेवटी आणखी एक पाव वळण घेऊन त्यांच्याकडे तोंड करायचं की नाही, हे नियम पाहून आधीच ठरवलेलं बरं. हा हिशोब प्रत्येक नाचासाठी कागदावर मांडा.

टॅग म्हणजे आवर्तनाच्या शेवटी जोडलेले जादा काउंट, बहुधा ४ किंवा ८. रीस्टार्ट म्हणजे आवर्तन मध्येच, उदाहरणार्थ १६ काउंटला, सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन्ही गाण्याच्या ओळींशी नाच जुळवण्यासाठी असतात. सगळेच नाच जुळवलेले नसतात. इलेक्ट्रिक स्लाइडचं (हा एक लोकप्रिय लाइन डान्स) सर्वांना माहीत असलेलं रूप १८ काउंटचं आहे, गाणी मात्र आठ-आठच्या ओळींनी चालतात. त्यामुळे तिचं पहिलं पाऊल गाण्याच्या आठाच्या सुरुवातीवर पुन्हा येतं ते चार आवर्तनांनंतर, ७२ काउंटांनी. मौजेच्या नाचात हे चालून जातं. स्पर्धेतले नाच बहुतेक ओळीला बांधलेले असतात, म्हणून टॅग चुकला की पुढचं सगळं घसरतं.

रीस्टार्टचा एक सापळा असा : मध्येच सोडताना भार चुकीच्या पायावर असू शकतो. अशा वेळी शीटच्या तळाशी बारीक टीप असते, "या आवर्तनात १६व्या काउंटला स्टेपऐवजी टच". ती वाचलीच जात नाही. टॅग आणि रीस्टार्ट कितव्या आवर्तनात, कोणत्या भिंतीकडे तोंड असताना येतात ते पाठ करा. भिंत लक्षात ठेवणं आवर्तन मोजण्यापेक्षा सोपं जातं.

सुरुवातीचे काउंट कुठून मोजायचे तेही पाहा. पहिल्या आवाजापासून की जोरदार ठेका सुरू झाल्यापासून? शीटमध्ये लिहिलेलं असतं, पण कापलेल्या ट्रॅकमध्ये बदललेलं असू शकतं. म्हणून सराव स्पर्धेच्या अधिकृत ट्रॅकवरच करा.

६. सराव

दोन-तीन महिने हाताशी असावेत. पहिल्या दोन आठवड्यांत गाणं लावूच नका. तोंडाने मोजत, शीट समोर ठेवून चाला. मग गाणं ८० टक्के वेगाने, मग पूर्ण वेगाने. शेवटच्या आठवड्यांत थोडं जलदही करून पाहा, म्हणजे स्पर्धेत पूर्ण वेग आरामाचा वाटतो.

आरशाची सवय सर्वांत घातक. आरसा कायम १२ वाजता असतो, त्यामुळे ६ वाजता तोंड झालं की गाडी अडखळते. आठवड्यातून निम्मा सराव आरशाविना आणि निम्म्या वेळा वेगळ्या भिंतीला "समोर" मानून करा. नाच मधल्या कोणत्याही आठापासून सुरू करता आला पाहिजे. फक्त पहिल्यापासूनच येत असेल तर एकदा चुकल्यावर परत शिरता येणार नाही.

व्हिडिओ दोन काढा. एक समोरून पूर्ण शरीराचा, एक मागून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून फक्त पायांचा. पायांचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक काउंटला कोणती टाच उचललेली आहे ते लिहा. ते तुमच्या पेन्सिलच्या उ-डा यादीशी जुळवा. जिथे जुळत नाही, तिथे तुमचे गुण जात आहेत.

पूर्ण फिरक्यांसाठी नजर एका बिंदूवर रोखून डोकं शेवटी आणि झटक्यात फिरवायला शिका. चक्कर कमी येते, वळण नेमकं थांबतं. हातांचं काय? नवख्याचे हात दोन टोकांना जातात : एक तर मेल्यासारखे लोंबतात किंवा पट्टीच्या नर्तकांची नक्कल करत भिरभिरतात. कोपर किंचित वाकलेले, शरीरापासून जरा दूर, चालीबरोबर सहज हलणारे, एवढं पहिल्या वर्षी पुरे.

स्वतःचे बदल ज्या गटात चालतात, तिथेही आधी मूळ नाच शीटबरहुकूम दाखवावा लागतो. बदल केला तरी तो तेवढ्याच काउंटांत, त्याच भिंतीवर आणि पुढच्या पायाला मोकळं ठेवून संपायला हवा. मूळ नाच ओळखता आला पाहिजे. न्यूकमरने यात पडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

७. बूट आणि पोशाख

रबरी तळाचे बूट फ्लोअर पकडतात. शरीर फिरतं, पाऊल अडकतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. चामडी किंवा स्वेडचा (मऊ, लवदार चामड्याचा) तळ घ्या. स्वेड वापरून गुळगुळीत होतो, त्यासाठी तारेचा छोटा ब्रश पिशवीत ठेवा. वेस्टर्न बूट लागत असतील तर नवे कोरे घालून स्पर्धेला जाऊ नका. निदान महिनाभर सराव त्यांच्यातच करा, कारण बुटाच्या टाचेने शरीराचा तोल पुढे सरकतो आणि मागे जाणारी पावलं बदलतात.

पँट टाचेच्या खाली लोळत असेल तर दोन नुकसान : पाय अडकतो आणि परीक्षकाला पावलं दिसत नाहीत. न दिसलेल्या पावलाला गुण मिळत नाहीत. पाठीवर झालरी किंवा मोठं नक्षीकाम असेल तर स्पर्धक क्रमांक कुठे लावणार, याचाही विचार करा. पूर्ण पोशाखात, टोपीसकट, किमान तीन वेळा तालीम घ्या. फिरकीत टोपी उडते हे फ्लोअरवर कळायला नको.

८. नोंदणी आणि सोबत न्यायचं सामान

नोंदणीची मुदत स्पर्धेच्या बऱ्याच आधी संपते आणि उशिराला जादा शुल्क पडतं. अर्जात गट, वयोगट आणि नाच तीनही तपासून भरा. चुकीच्या चौकटीत खूण पडली तर चुकीच्या गटात नाव छापून येतं आणि आदल्या रात्री कुणी ते बदलून देत नाही. संस्थेचं सदस्यत्व आणि स्पर्धेची नोंदणी या बहुधा वेगळ्या गोष्टी असतात.

- वयाचा दाखला आणि फोटो ओळखपत्र
- सदस्यत्व क्रमांक, शुल्क भरल्याची पावती
- १८ वर्षांखालील असल्यास पालकांचं संमतिपत्र
- चालू वर्षाचं नियमपुस्तक आणि सर्व शीट्सच्या छापील प्रती
- अधिकृत ट्रॅक फोनमध्ये उतरवलेले, इअरफोन
- सेफ्टी पिना, सुई-दोरा, स्वेडचा ब्रश, जादा मोजे, चिकटपट्टी
- पाणी आणि पोटाला हलकं खाणं

९. स्पर्धेचा दिवस

सकाळी फ्लोअर सरावाला मोकळा असेल तेव्हा जरूर उतरा. नाच करत बसू नका. चार फिरक्या, चार लांब पावलं घ्या आणि लाकूड घसरतंय की चिकटतंय ते पाहा. घसरत असेल तर स्वेड ब्रशने खरवडा आणि पावलं थोडी आखडती घ्या. फ्लोअरवर पावडर टाकणं जवळपास सगळीकडे मना असतं.

वेळापत्रक पुढे सरकतं तसं मागेही येतं, म्हणून पुकाऱ्याच्या निदान अर्धा तास आधी तयार राहा. गट मोठा असेल तर तो तुकड्यांत सोडतात, याला हीट म्हणतात. तुमची हीट कितवी ते फलकावर पाहा.

जागा घेताना दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढं अंतर ठेवा. तुमचा नाच पुढे-मागे किती सरकतो ते माहीत असेलच, तेवढी मोकळीक त्या दिशेला हवी. अगदी समोर परीक्षकांच्या टेबलाला चिकटून उभं राहिल्यास त्यांना तुमचे पाय दिसत नाहीत. दुसऱ्या स्पर्धकामागेही झाकले जाऊ नका. दोघांच्या मधल्या फटीत उभे राहा.

गाणं सुरू झालं की मनात मोजा आणि शेजाऱ्याने लवकर सुरुवात केली तरी तुमच्याच मोजणीवर सुरू करा. तो चुकला असण्याची शक्यता तुमच्याइतकीच आहे. मध्ये विसरलात तर थांबू नका. ठेक्यावर जागच्या जागी भार बदलत राहा, योग्य भिंतीकडे तोंड करा आणि पुढच्या आठाच्या एकवर आत शिरा. चेहऱ्यावर चूक दाखवली नाही तर निम्म्या परीक्षकांना ती दिसत नाही, कारण त्या क्षणी ते दुसऱ्याकडे पाहत असतात. गाणं संपल्यावर शेवटची स्थिती दोन सेकंद धरा.

१०. निकाल कसा वाचायचा

अनेक नृत्यस्पर्धांत गुणांची बेरीज करत नाहीत. प्रत्येक परीक्षक क्रमांक देतो आणि बहुमत पाहिलं जातं. समजा पाच परीक्षक आहेत. पहिल्या स्पर्धकाला २, २, २, ५, ५ असे क्रमांक मिळाले आणि दुसऱ्याला १, ३, ३, ३, ३. बेरीज केली तर १६ आणि १३, म्हणजे दुसरा पुढे दिसतो. पण बहुमताने पाहिलं तर पहिल्याला तीन परीक्षकांनी "दुसरा किंवा वरचा" दिलाय, दुसऱ्याला तसं देणारा एकच आहे. म्हणून पहिला स्पर्धक वर राहतो. एका परीक्षकाने खालचा क्रमांक दिला म्हणून हिरमुसून जाण्याचं कारण नाही, तीन जणांनी काय दिलं ते पाहा.

परीक्षकांचे लेखी शेरे मिळत असतील तर तेच या सगळ्या खर्चाचं मोल आहे. "टायमिंग" असा शेरा असेल तर बहुधा "आणि"चे काउंट घाईत पडतात. "फूटवर्क" म्हणजे टाच-चवड्याचा क्रम. "मोशन" म्हणजे नाचाचा प्रकार दिसला नाही. दोन परीक्षकांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर पुढचे दोन महिने फक्त तीच घ्या. त्यासाठी स्पर्धेचा व्हिडिओ आणि पेन्सिलने खुणा केलेली शीट शेजारी ठेवा, आणि शेरा ज्या नाचावर आहे त्याच्या पहिल्या आठापासून सुरू करा.